लिलावातली जुनी गाडी घ्यायची, नीट करायची, विकायची: छंद म्हणून हे करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिलावातून जुन्या गाड्या उचलायच्या, सुट्टीच्या दिवशी त्यांच्याशी झटापट करायची आणि धडधाकट झाल्या की विकायच्या, हा नाद मला बरीच वर्षं आहे. पोट त्यावर नाही, म्हणून त्याला नाद म्हणायचं. या वाटेला नव्याने लागणारे लोक जे विचारतात ते बहुतेक तेच तेच असतं, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली. कायदे, शुल्कं आणि कर देशोदेशी वेगळे असतात. जिथे त्यांचा संबंध येईल तिथे स्वतःकडचा नियम बघूनच पाऊल टाका.

लिलावात गाड्या एवढ्या स्वस्त कशा? काहीतरी गोम असणारच ना?

असते. लिलावात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीला आधी कुणीतरी ‘नको’ म्हटलेलं असतं. मालकाने म्हटलं असेल, विमा कंपनीने म्हटलं असेल, नवी गाडी देताना जुनी बदलीत घेतलेल्या विक्रेत्याने म्हटलं असेल. हा ‘नको’ कुणाचा आणि कशासाठी होता, एवढं शोधून काढणं हेच या छंदातलं खरं काम आहे. पाना-पक्कड नंतर.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्याच उदाहरणावरून हे दाखवून दिलं होतं. विकणाऱ्याला गाडीचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांना संशयाने कमी भाव देतो, आणि त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायलाच येत नाही. २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. आपल्या दृष्टीने याचा उपयोग एवढाच, की लिलावातला कमी भाव हा त्या संशयाचा भाव असतो. संशय खरा आहे की खोटा, हे ज्याला इतरांपेक्षा थोडं जास्त कळतं त्याला पैसे सुटतात.

मग कुठल्या वाटेने आलेली गाडी बरी?

कंपन्यांच्या ताफ्यातून किंवा भाडेकराराची मुदत संपून आलेली गाडी मला सगळ्यात आवडते. तिला ‘नको’ म्हणणारा माणूस नसतो, वेळापत्रक असतं. ठरावीक वर्षं किंवा किलोमीटर झाले की गाडी काढायची, बस्स. रनिंग भरपूर असतं, पण सर्व्हिस वेळेवर झालेली असण्याची शक्यताही जास्त.

कर्ज थकल्यामुळे जप्त झालेल्या गाडीत वाईट काही असेलच असं नाही, पण ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नव्हते त्याच्याकडे ऑइल बदलायलाही नसावेत, हे धरून चाला. शिवाय अशा गाड्या महिनोन् महिने आवारात उभ्या असतात. बॅटरी बसलेली, टायर एका जागी चपटे पडलेले, ब्रेक डिस्कवर गंज.

विक्रेत्याने बदलीत घेऊन लिलावात ढकललेली गाडी असेल तर कान टवकारा. त्याच्याकडे गॅरेज होतं, मेकॅनिक होता, दुकानासमोर जागा होती, आणि तरी त्याने ती स्वतः विकली नाही. कधी कारण साधं असतं, गाडी त्याच्या दुकानाला शोभत नसते. कधी नसतं.

विमा कंपनीने निकालात काढलेली गाडी पहिल्या दोन-तीन वर्षांत घेऊच नका. अनेक ठिकाणी तिच्या नोंदणीवर कायमचा शिक्का बसतो, नंतर ती कितीही उत्तम केली तरी भाव पडूनच राहतो, आणि काही विमा कंपन्या तिला हातही लावत नाहीत.

सुरुवात किती पैशांनी करावी?

जे पैसे सहा महिने अडकले तरी घरात कुणाला कळणार नाही, तेवढ्यांनी. कर्ज काढून मुळीच नाही. उभी गाडी व्याज खाते.

पहिली गाडी कोणती घ्यावी?

कंटाळवाणी. रस्त्यावर जी सगळ्यात जास्त दिसते, जिचे सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात, छोटं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, हाताचे गिअर, पांढरा किंवा चंदेरी रंग. असली गाडी बघून कुणाच्या हृदयाचे ठोके वाढत नाहीत, पण विकायला काढली की फोन येतात.

नवखे हमखास फसतात ते जुन्या आलिशान गाडीला. भाव बघून वाटतं, अरे, एवढ्यात ही? पण गाडीची किंमत वयाप्रमाणे उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. हवेवर चालणारं सस्पेन्शन, आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, दाराच्या हँडलमध्ये बसलेलं कंट्रोल युनिट, यांची किंमत ती गाडी नवी असताना जी होती तीच असते. हत्ती स्वस्तात मिळतो, चारा मात्र हत्तीचाच लागतो.

गाडी चालवून बघता येत नाही, मग तपासायची कशी?

बहुतेक लिलावांत चालवायला मिळत नाही. पाहणीच्या दिवशी किंवा लिलावाच्या आधी तासभर बघायला मिळतं, कधी इंजिन सुरू करू देतात, कधी तेही नाही. या तासाभरात काय बघायचं याला माझा एक क्रम आहे, आणि तो मी मोडत नाही, कारण आवडलेल्या गाडीत माणूस आवडीचंच बघतो.

सगळ्यात आधी बोनेटला हात लावायचा. गरम असेल तर कुणीतरी तुमच्या आधी येऊन गाडी तापवून ठेवली आहे. थंड इंजिन जे बोलतं ते गरम इंजिन बोलत नाही. सुरू करताना होणारा खडखडाट, पहिल्या काही सेकंदांचा निळा धूर, अडखळणारं आयडलिंग, हे सगळं तापल्यावर लपतं. म्हणून शक्य असेल तर सकाळी सगळ्यांत आधी पोहोचा.

मग धूर. थंड इंजिनातून सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येते, ती सायलेन्सरमध्ये साचलेल्या पाण्याची, तिला घाबरायचं कारण नाही. इंजिन तापूनही पांढरा दाट धूर येतच राहिला आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील) गेलंय किंवा त्याहून वाईट. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. तो काही वेळा नुसत्या घाण एअर फिल्टरचाही असतो, आणि मग त्या धुराला घाबरून मागे सरलेल्या लोकांमुळे तुमचा फायदा होतो.

ऑइल भरायचं झाकण उघडा. आतून पिवळसर-पांढरा, साबणाच्या फेसासारखा चिकट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय. पण लगेच निकाल देऊ नका. थंड हवेत फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही झाकणापुरता असा थर धरतो. डिपस्टिक काढा. तिच्यावरही तेच असेल आणि कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग दिसत असेल, तर गाडी सोडून पुढच्या रांगेत जा.

खाली वाका. कपडे खराब होतील, होऊ द्या. चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का, शॉकअपवरून तेल ओघळलंय का, सायलेन्सरला ठिगळं आहेत का, आणि मुख्य म्हणजे चासीला गंज किती. वरवरचा लालसर गंज चालतो. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबल्यावर पत्रा आत जात असेल तर नाही. मात्र आधी दाबायची परवानगी विचारा.

टायर पुष्कळ काही सांगतात. नक्षी एका कडेलाच झिजली असेल तर चाकांची अलाइनमेंट बिघडली आहे, आणि ती का बिघडली हा पुढचा प्रश्न. २००० सालापासून बनलेल्या टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चार टायर चार वेगवेगळ्या कंपन्यांचे, चार वेगवेगळ्या सालांचे दिसले की मालक प्रत्येक वेळी समोर येईल ते सगळ्यात स्वस्त घेत होता, हे कळतं. इंजिन ऑइलच्या बाबतीत त्याने वेगळं काही केलं असेल असं मानायला जागा नाही.

आत बसा. चावी फिरवली की एअरबॅग, एबीएस, ऑइल आणि इंजिनचे दिवे लागले पाहिजेत आणि सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. न विझणारा दिवा सगळ्यांना दिसतो. मुळात न लागणारा दिवा फार थोडे लोक बघतात. तो कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

शेवटी क्लच, किंवा ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबून रिव्हर्स आणि ड्राइव्हमध्ये टाकून बघा. गाडी लगेच पकडते की दोन-तीन सेकंद विचार करते? विचार करणारा गिअरबॉक्स महागात पडतो.

टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची चाल जुळवून ठेवणारा पट्टा, बघून कळत नाही, तो कागदावरून कळतो. बदलल्याची पावती नसेल तर बदलायचाच आहे असं धरून खर्चात लिहा. अनेक इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनच उघडावं लागतं.

स्कॅनर लावला, एकही कोड आला नाही. म्हणजे गाडी ठीक?

नाही. स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्याने नोंदवलेले बिघाडांचे कोड वाचणारं यंत्र, जरूर घ्या, साधाही चालेल. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ ची जोडणी (स्कॅनर लावायची ठरावीक जागा) सक्तीची आहे, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेलला २००४ पासून, त्यामुळे बहुतेक गाड्यांना तो लागतो. पण कोड पुसायला त्याच स्कॅनरवर एक बटण असतं, आणि ते विकणाऱ्यालाही माहीत असतं.

म्हणून कोडच्या शेजारी ‘रेडिनेस’ नावाची यादी बघा. कोड पुसले की गाडीचा कॉम्प्युटर उत्प्रेरक, ऑक्सिजन सेन्सर, बाष्प गळती अशा स्वतःच्या तपासण्या पहिल्यापासून करायला घेतो, आणि त्या पुऱ्या व्हायला बरंच फिरावं लागतं. यादीतल्या बऱ्याच तपासण्या ‘अपूर्ण’ दिसत असतील तर पाटी नुकतीच कोरी केलेली आहे. आता इथेही एक मेख आहे. आवारात बॅटरी बसली किंवा काढून ठेवली तरी बऱ्याच गाड्यांत असंच दिसतं. त्यामुळे ‘अपूर्ण’ म्हणजे चोरी नव्हे. ‘अपूर्ण’ म्हणजे स्कॅनरने तुम्हाला काहीही सांगितलेलं नाही.

अपघातात सापडलेली किंवा पाण्यात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

अपघात आधी फटींत दिसतो. बोनेट आणि मडगार्डमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, दार बंद होताना एकदाच आवाज येतो का, बोल्टच्या डोक्यांवरचा रंग खरवडलेला आहे का. रंगाची जाडी मोजायचं यंत्र असेल तर उत्तम. कारखान्यातला रंग साधारण ८० ते १८० मायक्रॉनच्या आसपास असतो. आकडा मध्येच ४००-५०० वर गेला तर तिथे पुन्हा रंग लागला आहे, हजाराच्या पुढे गेला तर खाली पुट्टी आहे. यंत्र नसेल तर मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक न्या. लोखंडी पत्र्यावर ते जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी. फक्त प्लास्टिकच्या मडगार्डवर आणि अ‍ॅल्युमिनियमच्या बोनेटवर ते लावून गाडीला नावं ठेवू नका. हे मी स्वतः केलं आहे, चार लोकांसमोर.

डेंटिंग-पेंटिंग झालेली प्रत्येक गाडी वाईट नसते. दार बदललं तर बदललं. मागचा-पुढचा मुख्य सांगाडा ओढून सरळ केला असेल तर मात्र नको.

पाण्याचं तसं नाही. बुडालेली गाडी मी कुठल्याच भावात घेत नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा आणि शेवटचा हातभर भाग बघा. गाडी धुणारा तिथपर्यंत सहसा जात नाही, गाळाची रेषा तिथे राहते. सीटच्या पट्ट्यांखाली, स्टेपनीच्या खड्ड्यात, डॅशबोर्डखालच्या स्क्रूंवर बघा. आत भरमसाट सुगंध मारला असेल तर खिडक्या बंद करून पाच मिनिटं बसा, कुबट वास वर येतोच. या गाडीचा त्रास लगेच दिसत नाही. वायरिंगचे जोड आतून गंजत जातात, आणि सहा महिन्यांनी पाऊस नसताना वायपर सुरू होतात.

मीटर मागे फिरवला आहे हे कळतं का?

पुष्कळदा. मीटर म्हणतो चाळीस हजार, आणि ब्रेक पॅडलचं रबर झिजून गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत, चालकाच्या सीटची दाराकडची कड फाटलेली, तर मीटरपेक्षा रबरावर विश्वास ठेवा. जुन्या सर्व्हिसच्या पावत्या, तपासणीचे दाखले, ऑइल बदलल्यावर गॅरेजवाले दाराच्या चौकटीला चिकटवतात ती चिठ्ठी, यांवरचे आकडे चढत गेले पाहिजेत. उलटंही होतं. पॅडलचं रबर कोरं करकरीत आणि बाकी गाडी थकलेली असेल तर ते रबर का बदललं, हे विचारा.

बोली कुठे थांबवायची?

बोली घरी थांबवायची. लिलावात गेल्यावर नाही.

हिशेब उलटा करायचा. गाडी तयार झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत विकली जाईल असा भाव धरा. जाहिरातीत लोक जो मागतात तो भाव नव्हे, खरोखर ज्याला व्यवहार होतात तो. समजा तो १०० आहे. त्यातून दिसलेल्या दुरुस्तीचे १४ काढा. न दिसलेल्या दुरुस्तीचे ८ काढा. हे काढायला लोक लाजतात, आणि हेच हमखास लागतात. गाडी आणायचे ४, नाव चढवणं आणि विमा यांचे ४, धुणं-पुसणं, फोटो, जाहिरात २. स्वतःसाठी १२. एकूण ४४ गेले, राहिले ५६. या ५६ मध्ये लिलाव कंपनीचं खरेदी शुल्कही बसायला हवं. ते बोलीच्या ८ टक्के असेल तर ५६ भागिले १.०८, म्हणजे जेमतेम ५२. तुमची बोली ५१ ला संपली. हा आकडा वहीत लिहा, खाली रेघ मारा आणि वही खिशात ठेवा.

५१ हा आकडा नवख्याला फार कमी वाटतो. ‘असल्या भावात मला गाडीच मिळणार नाही’ ही तक्रार मी कितीदा ऐकली आहे. बरोबर आहे, दहातल्या आठ मिळणार नाहीत. न मिळणं हा या छंदाचा मोठा भाग आहे.

१९७१ साली केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन पेट्रोलियम अभियंत्यांनी तेलक्षेत्रांच्या लिलावाबद्दल एक गोष्ट मांडली, जी गाड्यांना तंतोतंत लागू पडते. वीस जण एकाच वस्तूचा अंदाज बांधतात, काहींचा कमी होतो, काहींचा जास्त. लिलाव जिंकतो तो ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकून वर गेला तो. म्हणजे गाडी तुम्हाला मिळाली, याचाच एक अर्थ असा की त्या क्षणी खोलीतल्या बाकी सगळ्यांना ती तेवढ्याची वाटत नव्हती. पुन्हा तोच ‘नको’.

लिलावात उभं राहून बोली लावताना काय सांभाळावं?

व्यापारी ओळखा. ते गाडीकडे फार बघत नाहीत, आधीच बघून झालेलं असतं. ते ज्या गाडीला एका आकड्यापर्यंत जोरात जातात आणि तिथे सगळे एकदम गप्प होतात, तो आकडा म्हणजे त्या गाडीचा घाऊक भाव. तुमचं भाडं, पगार, दुकान काही नाही, म्हणून त्यांच्या एक पायरी पुढे गेलात तरी चालतं. पण ते पहिल्याच पायरीला गप्प बसले तर त्यांना काहीतरी ठाऊक आहे. त्या वेळी हात वर करणं म्हणजे अक्षरशः हात दाखवून अवलक्षण.

बऱ्याच गाड्यांना राखीव किंमत असते, ती तुम्हाला सांगत नाहीत. बोली तिथवर पोहोचली नाही तर काही ठिकाणी मालकाला फोन करून विचारतात. अशा वेळी तुम्हाला ‘थोडं वाढवा’ म्हणतील. वही काढा, आकडा बघा, नाही म्हणा. पुढच्या आठवड्यात तीच गाडी परत येते असं अनेकदा घडतं, आणि तेव्हा मालकाचा ताठा उतरलेला असतो.

ऑनलाइन लिलावात शेवटच्या सेकंदाला बोली टाकायची हुशारी आता फारशी चालत नाही, कारण शेवटी बोली आली की बऱ्याच ठिकाणी वेळ आपोआप वाढते. तिथे तुमचा कमाल आकडा एकदाच भरा आणि संगणकापासून उठा. फोटोंवरून घ्यायची असेल तर न दिसलेल्या दुरुस्तीचा आकडा दुप्पट करा. ज्या कोपऱ्याचा फोटो नाही तो कोपरा फुटलेला आहे.

हातोडा पडला. पुढे?

व्यवहार झाला. ‘आहे तशी, आहे तिथे’ या अटीवर विकलेल्या गाडीला सहसा परतीचा रस्ता नसतो, आणि पैसे भरले नाहीत तर अनामत जाते. काही लिलावांत इंजिन-गिअरबॉक्सच्या मोठ्या दोषासाठी तास-दोन तासांची किंवा दिवसाची तक्रारमुदत असते, ती आधी वाचून ठेवा. गाडी किती दिवसांत उचलायची तेही वाचा, कारण नंतर दररोजचं आवारभाडं लागतं. आणि चालवत घरी नेऊ नका. ब्रेक तुम्ही तपासलेले नाहीत, विमा बहुधा नाही. टो करून न्या.

दुरुस्ती कुठून सुरू करायची आणि कुठे थांबायचं?

जे माणूस मारू शकतं तिथून. ब्रेक, टायर, स्टिअरिंगचे जोड, दिवे, सीटबेल्ट. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि मग त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, त्यामुळे इतिहास माहीत नसलेल्या गाडीत ते मी न विचारता बदलतो. मग इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट, बॅटरी. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन सुरू असताना आकडा १४ च्या आसपास हवा. तो नसेल तर नवी बॅटरी घालून उपयोग नाही, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बघा.

त्यानंतर सगळ्यात जास्त पैसे परत देणारं काम म्हणजे सफाई. हे मला पटायला दोन वर्षं लागली, कारण मला इंजिन आवडतं. पण घेणारा आधी नाकाने आणि डोळ्यांनी गाडी घेतो. सीट काढून गालिचा धुवा, एसीचा फिल्टर बदला, काचा आतून पुसा. पिवळे पडलेले हेडलाइट गाडीचं वय पाच वर्षांनी वाढवतात. ते पॉलिकार्बोनेटचे असतात आणि उन्हाने त्यांचा वरचा थर खराब होतो. ओल्या पॉलिश पेपरने ८०० नंबरपासून २००० च्या पुढे टप्प्याटप्प्याने घासून, पॉलिश करून वर अतिनील किरण रोखणारा लेप दिला की लख्ख होतात. लेप विसरलात तर काही महिन्यांत पुन्हा तेच.

थांबायचं कुठे? जिथे तुम्ही गाडी स्वतःसाठी सजवायला लागता तिथे. नवे अलॉय, नवी म्युझिक सिस्टिम, पूर्ण गाडीला रंग, यातलं काही परत येत नाही. उलट ताजा रंग बघून घेणारा विचारतो, खाली काय लपवलंय?

सगळं स्वतः करायचं की गॅरेजला द्यायचं?

जे येतं ते स्वतः, जे शिकायचं आहे ते एका वेळी एक, बाकीचं गॅरेजला. गिअरबॉक्स, एअरबॅग आणि डिझेलचा उच्चदाब इंधनमार्ग यांना मी हात लावत नाही.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. भक्कम स्टँड लावा, चाकांना अडण लावा, गाडी हलवून बघा, मगच आत. आणि बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कागदपत्रांत काय बघायचं?

चासी नंबर. १९८० च्या दशकापासून बहुतेक गाड्यांत तो १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. कागदावरचा, काचेखालचा आणि चासीवर ठोकलेला नंबर एकच हवा. कडा घासलेल्या दिसल्या किंवा रिव्हेट नवे दिसले तर बाजूला व्हा. गाडीवर कर्जाचा बोजा किंवा थकलेला दंड आहे का, चोरीची नोंद आहे का, हे बोलीच्या आधी तपासा. नंतर तपासणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

नाव न चढवता थेट पुढच्या गिऱ्हाइकाला विकली तर शुल्क वाचेल ना?

वाचेल, आणि मधला मालक म्हणून तुमचं अस्तित्वच पुसलं जाईल. बऱ्याच देशांत हे बेकायदेशीर आहे. शिवाय त्या मधल्या काळात गाडीने कुणाला उडवलं तर जबाबदार कोण, या प्रश्नाचं उत्तर कुणालाच देता येणार नाही. नाव चढवा. ते ४ आपण हिशेबात धरलेच आहेत.

किती गाड्या विकल्या की छंदाचा धंदा होतो?

हा आकडा तुमच्याकडचा कायदा ठरवतो. काही ठिकाणी वर्षाला ठरावीक गाड्यांपुढे विक्रेत्याचा परवाना लागतो, काही ठिकाणी संख्येपेक्षा ‘नफ्यासाठी घेतली का’ हे बघतात, आणि मग एक गाडीही पुरते. नफा झाला तर कराचा प्रश्न येतोच. पहिल्या गाडीपासून प्रत्येक पावती जपा. एक तर कराला लागते, दुसरं म्हणजे तुम्ही खरंच कमावताय की कमावल्यासारखं वाटतंय, हे तिच्याशिवाय कळत नाही.

विकताना दोष सांगायचे का?

सगळे. लेखी. एसी कमी थंड करतो, मागचं दार आतून उघडत नाही, डावं मडगार्ड बदललेलं आहे, गाडी लिलावातून घेतली आहे. दुरुस्तीच्या पावत्यांचा गठ्ठा गिऱ्हाइकाच्या हातात द्या. गंमत अशी की दोन दोष आपणहून सांगितले की तिसरा शोधायची त्याची भूक कमी होते, आणि घासाघीस त्या दोनांवरच होते, ज्यांचे पैसे तुम्ही आधीच धरलेले असतात. सुरक्षिततेचा दोष मात्र सांगून विकायचा नसतो. तो काढून विकायचा.

चाचणीफेरीला स्वतः शेजारी बसा, परवाना बघा. पैसे खात्यात दिसल्याशिवाय चावी सोडू नका, स्क्रीनशॉटवर तर नाहीच. विक्रीच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहा आणि मालकी बदलल्याचं नोंदणी कार्यालयाला त्याच दिवशी कळवा.

महिना झाला, गाडी जात नाही. काय करू?

फोटो बदला, भर दुपारी काढले असतील तर सकाळी काढा. फोन येतात पण कुणी येत नाही, तर भाव जास्त आहे. लोक येतात पण घेत नाहीत, तर गाडीत असं काहीतरी आहे जे तुम्हाला दिसायचं बंद झालंय. एखाद्या मित्राला आत बसवून विचारा. सहा आठवड्यांनंतर मी भाव पाडतो, तोटा असला तरी. त्या गाडीत किती ओतले हे घेणाऱ्याला देणंघेणं नाही, आणि अडकलेल्या पैशात पुढची चांगली गाडी हातची जाते.

इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड?

बॅटरीची उरलेली क्षमता लेखी मिळत नसेल तर नाही, कारण गाडीच्या किमतीचा मोठा भाग तिथे असू शकतो. नारिंगी वेष्टनाच्या वायरी म्हणजे शेकडो व्होल्ट. त्यांना प्रशिक्षण नसताना हात लावू नका.

तुमचा सगळ्यात मोठा तोटा?

एक छोटी लाल गाडी. धूर नाही, गळती नाही, झाकण स्वच्छ. वहीत ४८ लिहिलं होतं, ५७ ला घेतली, कारण समोर एकच माणूस बोली लावत होता आणि तो मला हसला. घरी आणल्यावर वीस मिनिटं छान चालली आणि मग काटा लाल रेषेत. रॅडिएटरमध्ये कुणीतरी गळती बुजवणारं रसायन ओतून ठेवलं होतं, त्याने गळती तर बुजलीच, हीटरच्या नळ्याही बुजल्या. हेड वाकलं होतं. पाहणीच्या दिवशी मी हीटर लावून बघितला असता तर थंड हवा आली असती आणि शंका आली असती. इंजिनाचे सगळे सोपस्कार केले, पाच महिन्यांनी ती ८० ला गेली, खर्च ११० च्या घरात. तेव्हापासून भर उन्हाळ्यातही मी आधी हीटर लावतो. शेजारी उभे असलेले वेड्यात काढतात.

पहिल्यांदा जाताना बरोबर काय न्यावं?

टॉर्च, लोहचुंबक, स्कॅनर, गुडघ्याखाली टाकायला जुनं पोतं, हात पुसायला चिंधी, वही. पहिल्या तीन लिलावांना पैसे नेऊ नका. दहा गाड्या नीट तपासा, प्रत्येकीसमोर स्वतःचा आकडा लिहा, मग हातोडा कुठे पडतो ते शेजारी लिहीत जा. तिसऱ्या खेपेला तुमचे आकडे व्यापाऱ्यांच्या आसपास यायला लागले तर चौथ्या वेळी अनामत भरा. नाही आले, तर अजून तीनदा पोतं घेऊन जा.